वाडा, शाळा, सोसायटी: आपल्या इमारतीचा कालपट कसा काढावा

पावसाळ्यात सांगलीत दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: आयर्विनवर, म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी, पाणी किती फूट? ४० म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं, त्या आठवड्याबद्दल विचाराल तर लोक तासागणिक सांगतील. नदीचा आलेख गावाच्या डोक्यात कायमचा काढलेला आहे. राहत्या घराबद्दल मात्र तीच माणसं ‘पहिल्यापासून असंच आहे’ म्हणून मोकळी होतात. लाइटबिल वाढलं ते नक्की कधीपासून? मागची खोली तापते ती पत्रे घातल्यावर, की शेजारचं झाड पाडल्यावर? भिंतीला लोणा, म्हणजे पांढरा क्षार, पुराआधी होता की नंतर आला? ठाम उत्तर कुणाकडे नसतं.

ते मिळवायला इंजिनिअर असावं लागत नाही. जुनी बिलं, एक आलेख कागद, रंगीत पेन्सिली आणि थोडी चिकाटी पुरते. पुढं लिहिलेलं गावभागातल्या वाड्याला लागू पडतं, विश्रामबागेतल्या सोसायटीला पडतं, आणि साताऱ्या-कऱ्हाडकडच्या शाळेलाही. उदाहरणं मी बहुतेक वाड्याचीच घेतली आहेत, कारण वाड्याइतके वापर बदललेली दुसरी इमारत आपल्याकडं सापडणं कठीण.

दोन गोष्टी, एकच काळरेषा

काढायच्या गोष्टी दोन. पहिली म्हणजे वापर: कोणत्या खोलीत कोण, कशासाठी, किती वेळ. दुसरी म्हणजे इमारतीची वागणूक: वीज किती लागते, पाणी किती जातं, आत किती तापतं, ओल कुठवर चढते. बहुतेक जण दुसरीच तेवढी मोजतात आणि तिथंच फसतात. बिल वाढलं की संशय मीटरवर, नाहीतर जुन्या वायरिंगवर. पुष्कळदा कारण वरच्या मजल्यावर राहायला आलेली चार मुलं आणि त्यांचा गिझर एवढंच असतं. उलटही होतं. बिल उतरलं म्हणून मालक खूश, आणि बघावं तर खालची अभ्यासिका दोन महिन्यांपासून बंद.

म्हणून या सगळ्या लेखात मी एकाच गोष्टीचा आग्रह धरणार आहे: वापर आणि वागणूक एकाखाली एक, एकाच काळरेषेवर काढायचे. अशा कागदालाच मी कालपट म्हणतो. वेगवेगळ्या कागदांवर काढलेत तर दोन्ही कागद मुके राहतात.

वापर आणि वागणूक एकमेकांना कसे ओढतात, याचं आपल्या उंबऱ्यातलं उदाहरण म्हणजे सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं. जमिनीच्या पोटातली ही कोठारं कोरडी राहत, म्हणून हळद त्यांत वर्षानुवर्षं टिके. २००५ च्या पुरात पेवांत पाणी शिरलं, आणि साठवण झपाट्यानं गोदामं आणि शीतगृहांकडं वळली. आधी वागणूक बिघडली, मागोमाग वापर गेला. वाड्यात बहुधा उलटा क्रम असतो. माणसं पांगतात, खोल्या बंद पडतात, खिडक्या उघडायला कोणी उरत नाही आणि मग ओल धरते. आधी काय झालं आणि मागून काय आलं, हे कालपटावर नजरेला दिसतं.

कागद आखा

संगणकावर लगेच बसू नका. ए-थ्री आकाराचा आलेख कागद आडवा धरा. त्याची लांबी ४२ सेंटिमीटर असते, म्हणजे १ सेंटिमीटरला १ वर्ष धरलं तर समास सोडून ४० वर्षं बसतात. १९८५ पासून आजपर्यंतचं घर एका नजरेत आलं. याहून मागं जायचं असेल तर दुसरा कागद जोडा, पण माप तेच ठेवा. काळ नेहमी डावीकडून उजवीकडं. विल्यम प्लेफेअरनं १७८६ मध्ये इंग्लंडच्या आयात-निर्यातीचे आलेख काढले त्यातही काळ असाच आडवा होता, आणि ती सवय मोडण्याचं काही कारण नाही.

आता कागदाच्या वरपासून खालपर्यंत काही उभ्या रेघा मारा. ऑगस्ट २००५, ऑगस्ट २०१९, मार्च २०२० आणि जुलै २०२१. तीन पूर, एक टाळेबंदी. सांगलीत या रेघा नसलेला कुठलाही कालपट अर्धा आंधळा. तुमचं घर पुराच्या पट्ट्यात नसलं तरी मारा. पूरग्रस्त नातेवाईक तुमच्याकडं येऊन राहिले असतील, तुमच्या शाळेत छावणी असेल. साताऱ्याच्या डोंगराकडच्या मंडळींनी तिथल्या अतिवृष्टीची, भूकंपाची वर्षं घ्यावीत. मग घरच्या रेघा: बोअर मारली, स्लॅब टाकला, भाऊ वेगळे झाले, मीटर बदलला.

आधी माणसांना विचारा, मग कागद हुडका

खोल्यांच्या वापराची नोंद कुणी ठेवलेली नसते. ती माणसांच्या डोक्यात असते, आणि डोक्यात सनावळ्या नसतात. आजीला ‘१९७५ साली या खोलीत कोण होतं?’ असं विचारलंत तर ती तुमच्या तोंडाकडं बघत बसेल. असं विचारा: ‘आजी, कोयनेचा भूकंप झाला तेव्हा सोप्यात कोण झोपायचं?’ तो भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, पहाटेचा. कोण कुठं झोपलं होतं आणि कोण कुठल्या दारानं बाहेर पळालं, हे त्या पिढीच्या पक्कं ध्यानात आहे. बाहत्तरचा दुष्काळ, वसंतदादा मुख्यमंत्री झाले ते १९७७, इंदिराबाई गेल्या ते १९८४, किल्लारीचा भूकंप १९९३, मग पूर. या खुंट्यांना आठवणी अडकवत गेलात की पाच-सात वर्षांच्या अचूकतेनं सगळ्या खोल्यांचा इतिहास हाती येतो. घरातली लग्नं आणि बाळंतपणं याहून नेमकी. कोणत्या खोलीत बाळंतीण होती हे बायका कधी विसरत नाहीत. म्हणूनच फक्त पुरुषांना विचारून उठू नका.

मग कागद. घरपट्टीच्या जुन्या पावत्यांवर वापर निवासी की बिगरनिवासी ते कळतं. भाडेकरार, बहुधा ११ महिन्यांचे. नगर भूमापनचा उतारा. लग्नपत्रिका, कारण पत्त्यात खालच्या दुकानाचं नाव हमखास असतं. दुकानाची पाटी दिसणारे जुने फोटो. शाळा असेल तर पट आणि हजेरी. जुनी कागदपत्रं चाळताना जिल्ह्याच्या जागी ‘दक्षिण सातारा’ दिसलं तर गोंधळू नका. १९४९ ते १९६० आपल्या जिल्ह्याचं नाव तेच होतं. त्याआधीचं सांगली-मिरजेचं दप्तर संस्थानी. आणि सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिका १९९८ ची, त्यापूर्वीच्या पावत्या नगरपालिकेच्या नावानं सापडतील.

मिळालेली माहिती लगेच पट्ट्यांत उतरवा. डाव्या समासात खोल्यांची नावं एकाखाली एक: ओसरी, सोपा, माजघर, स्वयंपाकघर, वरची समोरची खोली, वरची मागची, परसू. प्रत्येक खोलीला एक आडवा पट्टा. राहण्याला एक रंग, दुकान-धंद्याला दुसरा, भाडेकरूंना तिसरा, अभ्यासिका किंवा क्लासला चौथा, बंद खोलीला राखाडी. पाचाहून जास्त रंग नकोत. लाल आणि हिरवा शेजारी-शेजारी टाळा; तो फरक न दिसणारे पुरुष बऱ्यापैकी असतात आणि ते कधी सांगत नाहीत. तारीख नक्की असेल तिथं पट्ट्याची कड ठळक, अंदाजाची असेल तिथं तुटक.

एवढं झालं की थांबून कागद भिंतीला टेकवा आणि लांबून बघा. राखाडी कुठून सुरू झाला आणि कुठल्या दिशेनं पसरला ते बघा. वाड्यात तो बहुधा मागून पुढं येतो: आधी परसाकडच्या खोल्या, मग माजघर, आणि ओसरी सगळ्यात शेवटी.

इमारतीचे थर वेगवेगळ्या चालीचे

फ्रँक डफी नावाच्या ब्रिटिश वास्तुविशारदानं एक उपयोगाचा विचार मांडला. इमारत म्हणजे एक वस्तू नव्हे, वेगवेगळ्या आयुष्याचे थर आहेत. सांगाडा पन्नासेक वर्षांचा, वायरिंग-नळ वगैरे पंधराएक वर्षांचे, आतली पार्टिशनं आणि सजावट पाच-सात वर्षांची, आणि सामान तर रोज हलतं. त्याचे आकडे तिकडच्या ऑफिस-इमारतींचे आहेत. आपल्या सागवानी तुळया आणि पांढऱ्या मातीच्या भिंती पन्नास वर्षांना दाद देत नाहीत. विचार मात्र जसाच्या तसा घ्यावा.

खोल्यांच्या पट्ट्यांखाली आणखी चार पट्टे आखा: सांगाडा आणि छप्पर, वायरिंग-नळ-मोटर, पार्टिशन-फरशी-गिलावा, मोठी उपकरणं. बदल झाला त्या वर्षी टिंब द्या आणि दोन शब्द लिहा. ‘माळवद काढून स्लॅब.’ ‘इन्व्हर्टर.’ ‘सोप्याला सिमेंटचा गिलावा.’ छपराचं वर्ष आठवत नसेल तर गुगल अर्थच्या संगणकावरच्या आवृत्तीत जुनी उपग्रहचित्रं मागं-पुढं सरकवून बघता येतात. गच्चीवरचं पत्र्याचं शेड किंवा सोलर कोणत्या दोन चित्रांच्या मधे उगवलं ते त्यात दिसतं.

साताऱ्याचा राजवाडा आठवा. राज्य गेलं, तिथं शाळा भरू लागली, आणि ७ नोव्हेंबर १९०० रोजी डॉ. आंबेडकरांचं नाव त्या शाळेच्या पटावर लागलं. भिंती आणि खांब राजाच्या काळातले, बाकं शाळेची. वरचा पट्टा संथ आणि खालचा भरभर बदलणारा, हे तिथं नुसत्या डोळ्यांनी दिसतं.

विजेची बिलं

ही मोजमापातली सगळ्यात सोपी आणि सगळ्यात चुकीची वाचली जाणारी गोष्ट. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांच्या युनिटांचे छोटे स्तंभ छापलेले असतात. ते बघायला बरे, पण पुरेसे नाहीत. जितकी जुनी बिलं सापडतील तितकी गोळा करा. देवघराच्या फडताळात, दिवाणाच्या खणात, नाहीतर ॲपवर.

रुपये उतरवू नका. दर बदलतात, दरांचे टप्पे बदलतात, थकबाकी जोडली जाते. युनिटं उतरवा, आणि सोबत चालू व मागील रीडिंगच्या दोन्ही तारखा. कारण बिलाचा महिना कधी २८ दिवसांचा असतो, कधी ३३. युनिटं भागिले दिवस, म्हणजे रोजची युनिटं, हाच खरा आकडा. सरासरीनं आलेली बिलं ओळखून बाजूला काढा. दार बंद होतं, मीटर नादुरुस्त होता, पुरात बुडाला होता, अशा महिन्यांत बिल येतं पण ते मोजलेलं नसतं. हे आकडे पुसू नका. त्यांना तिरप्या रेघा मारून वेगळं दाखवा, म्हणजे पुढं कोणी त्यांवरून निष्कर्ष काढणार नाही.

छपरावर सोलर असेल तर बिलातला आकडा घराचा वापर सांगतच नाही. नेट मीटरिंगमधे घेतलेली वीज आणि दिलेली वीज वेगळी छापलेली असते. सोलर इन्व्हर्टरच्या ॲपमधून एकूण निर्मिती घ्या, त्यातून दिलेली वजा करा, घेतलेली मिळवा. तो घराचा खरा वापर.

आता संगणक उघडा. गुगल शीट्स किंवा एक्सेल, काहीही चालेल. आडव्या ओळीत बारा महिने, उभ्या रांगेत वर्षं, प्रत्येक चौकटीत रोजची युनिटं. सगळ्या चौकटी निवडा, फॉरमॅट मेनूतलं (एक्सेलमधे होम टॅबवरचं) कंडिशनल फॉरमॅटिंग, त्यात कलर स्केल. फिकट म्हणजे कमी, गडद म्हणजे जास्त. एकाच रंगाच्या छटा ठेवा. हा ठोकळ्यांचा तक्ता मला रेघांच्या आलेखापेक्षा कितीतरी जास्त आवडतो. उभा गडद पट्टा दिसला तर तो ऋतू आहे, एप्रिल-मे दरवर्षी येणारच. एखादी आडवी ओळ अचानक गडद झाली आणि तशीच राहिली, तर घरात काहीतरी बदललं आहे. एकच चौकट उठून दिसत असेल तर लग्न, पाहुणे किंवा बिलातली चूक. तीन गोष्टी, तीन आकार, शिकवावं लागत नाही.

इमारती-इमारतींची तुलना करायची असेल तर वर्षाची एकूण युनिटं भागिले क्षेत्रफळ, चौरस मीटरमधे. १ चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट. १२०० चौरस फुटांच्या घराला वर्षाला १८०० युनिटं लागली, तर चौरस मीटरला साधारण १६. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो मोठ्या इमारतींना तारे देताना हेच माप वापरतो. पण वाड्यासाठी ते मला फारसं पटत नाही. अर्ध्या खोल्यांना कुलूप असलेला वाडा या मापानं फार गुणी ठरतो.

माणूस-तास

म्हणूनच वापराचा आकडा हवा. एका साध्या आठवड्यात, परीक्षा नसलेल्या आणि सण नसलेल्या, खोलीवार नोंद ठेवा. ओळी म्हणजे दिवसाचे तास, रांगा म्हणजे खोल्या, चौकटीत माणसांची संख्या. एका शाळकरी मुलाला हे काम दिलंत तर तो तुमच्यापेक्षा चोख करेल. सगळ्यांची बेरीज म्हणजे माणूस-तास.

समजा, खालच्या सोप्यात स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका आहे. आधी २० मुलं, ८ तास, महिन्याला २६ दिवस, म्हणजे ४१६० माणूस-तास आणि वीज २०८ युनिटं. दोन वर्षांनी ३६ मुलं, १२ तास, तेवढेच दिवस, म्हणजे ११,२३२ माणूस-तास आणि ३९० युनिटं. बिल जवळजवळ दुप्पट झालं म्हणून काका वैतागलेले. पण १०० माणूस-तासांना आधी ५ युनिटं लागत होती, आता साडेतीन. खोली पूर्वीपेक्षा चांगली वापरली जाते आहे. वैतागायचं असेल तर फीवर वैतागावं.

शाळेत हेच गणित पटसंख्येवर करता येतं, तासांचं वेळापत्रक तयारच असतं. सोसायटीत फ्लॅटमधली माणसं मोजायच्या भानगडीत पडू नका. जिना, लिफ्ट, मोटर यांचं सामाईक मीटर घ्या आणि किती फ्लॅट राहते आहेत एवढंच लिहा.

पायाचं वर्ष कोणतं?

तुलना करायला एक ‘नेहमीचं’ वर्ष लागतं. इथं सांगलीकरांची पंचाईत आहे. २०१९ ला पूर, २०२० ला टाळेबंदी, २०२१ ला कोविडची लाट आणि पुन्हा पूर. सलग तीन वर्षं बाद. पुण्याच्या एखाद्या सल्लागारानं सवयीनं २०१९ हे ‘कोविडआधीचं वर्ष’ म्हणून धरलं, तर नदीकाठच्या इमारतीसाठी ते चक्क चुकीचं आहे. २०१८ घ्या, बिलं सापडत असतील तर. नाहीतर २०२२ किंवा त्यानंतरचं असं वर्ष, ज्यात घरातली माणसं आणि उपकरणं बदलली नाहीत. कोणतं घेतलं ते कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

बिघाड कुठल्या महिन्यात सुरू झाला?

ठोकळ्यांच्या तक्त्यात मोठे बदल दिसतात, बारीक गळती दिसत नाही. त्यासाठी एक युक्ती आहे, साचत जाणाऱ्या फरकाची. ई. एस. पेज या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञानं ती १९५४ मध्ये कारखान्यातल्या मालाच्या तपासणीसाठी मांडली. ऊर्जा-तपासणी करणारे तिला क्युसम म्हणतात. नाव जड आहे, गणित तिसरीतलं.

प्रत्येक महिन्याची युनिटं घ्या, त्यातून पायाच्या वर्षातल्या त्याच महिन्याची वजा करा. येणारे फरक एकात एक मिळवत जा. समजा फरक असे आले: अधिक २, उणे ३, अधिक १, अधिक १२, अधिक १५, अधिक ११. बेरीज होत जाते: २, उणे १, ०, १२, २७, ३८. याची रेघ काढा. पहिले तीन महिने ती जमिनीला चिकटून चालते, चौथ्यापासून चढायला लागते आणि सरळ चढत राहते. सुट्ट्या महिन्याचे १२ युनिट कुणाच्या डोळ्यांत भरले नसते. रेघेचा गुडघा मात्र लपत नाही, आणि गुडघा ज्या महिन्यात आहे त्याच महिन्यात काहीतरी घडलं आहे.

आता कालपटावर त्या महिन्याच्या सरळ वर बघा. कोणी राहायला आलं का? उपकरण आलं का? काहीच नसेल तर चढ मोजा. महिन्याला १२-१३ युनिटं म्हणजे दिवसाला ०.४ च्या आसपास. एक अश्वशक्तीची मोटर तासाला साधारण एक युनिट खाते, म्हणजे ती रोज पंचवीस मिनिटं जास्त चालते आहे. गच्चीवर जा आणि टाकीचा फ्लोट, नळांचे जोड, भिंतीतली लाइन बघा. पाण्याचं वेगळं मीटर नसलेल्या घरात मोटर हेच पाण्याचं मीटर.

दुरुस्ती झाल्यावर रेघ पुन्हा आडवी चालायला हवी. ती चढतच राहिली, तर प्लंबरचे पैसे देण्यापूर्वी त्याला हा कागद दाखवा.

तापमान

बाजारात मिळणारा साधा डिजिटल तापमान-आर्द्रता मापक पुरतो; आपोआप नोंद ठेवणारा मिळाला तर फारच उत्तम. आतल्या भिंतीवर, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला लावा. ऊन, बल्ब, टीव्ही आणि फ्रीजची पाठ यांपासून लांब. हातानं नोंद घेणार असाल तर सकाळी ६, दुपारी २, संध्याकाळी ६ आणि रात्री १०, एवढ्या चार वेळा पुरे. एप्रिलचे दोन आठवडे घेतलेत तरी खूप कळेल.

तक्ता असा: उभे तास, आडव्या तारखा, चौकटीत अंश. दोन खोल्यांचे दोन तक्ते शेजारी ठेवा आणि रंगांचं माप दोन्हीत एकच ठेवा, हे विसरू नका. पत्र्याच्या खोलीत दुपारचा पट्टा गडद होतो आणि रात्र झाली की फिकट. जाड मातीच्या भिंतीआड बाहेरची दुपार पोचते ती रात्री, आणि तीही पुष्कळ बोथट होऊन. म्हणजे माजघर दिवसा अभ्यासिकेला उत्तम, वरची पत्र्याची खोली रात्री झोपायला ठीक. बहुतेक घरांत नेमकं उलटं चाललेलं असतं. काही वेळा एसी घेण्याऐवजी खोल्यांची अदलाबदल करून भागतं, आणि त्याला बिल येत नाही.

ओल

पुराच्या पट्ट्यातल्या घरांसाठी हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, आणि याला यंत्र लागत नाही. भिंतीवर पूर चढला त्या उंचीची खूण बहुतेकांनी ठेवलेली असते. तिच्या शेजारी टेप धरून दर पंधरा दिवसांनी ओलीची वरची कड पेन्सिलीनं आखा, तारीख लिहा आणि फोटो काढा. लोण्याची कड वेगळ्या रंगानं. भिंत सुकत असेल तर रेघा खाली-खाली येतील. रेघा एका उंचीवर अडकून बसल्या तर ते पुराचं पाणी उरलेलं नसून जमिनीतून चढणारं किंवा नळातून झिरपणारं असावं.

पूर ओसरल्यावर घाईनं सिमेंटचा गिलावा मारायची जी रीत पडली आहे, ती कालपटावर तपासून बघा. माती-चुन्याच्या भिंतीतलं पाणी सिमेंटमधून सहज बाहेर पडत नाही, ते वर सरकतं. गिलाव्याच्या टिंबानंतर ओलीची कड वर गेलेली दिसली तर पुढच्या वेळी चुना वापरा आणि भिंतीला महिने द्या. गवंडी कुरकुरेल. त्याला रेघा दाखवा.

एकाच जागेवरून फोटो

मोबाइलमधे घराचे हजार फोटो असतात आणि दोन एकसारखे नसतात. चौकात, गच्चीवर आणि समोरच्या रस्त्यावर अशा तीन जागा ठरवा, फरशीवर रंगाचा ठिपका द्या. वर्षातून दोनदा, होळीनंतर आणि दसऱ्याच्या सुमारास, त्याच ठिपक्यावर उभं राहून त्याच उंचीवरून फोटो घ्या. फाइलच्या नावात तारीख आधी, जागा नंतर. वर्षं साचली की ते फोटो छोट्या आकारात ओळीनं छापून कालपटाच्या तळाला चिकटवा.

वाचताना आणि दाखवताना

दोन गोष्टी एकाच महिन्यात घडल्या म्हणून एकीमुळं दुसरी झाली असं नव्हे. कालपट संशय घ्यायला शिकवतो, निकाल देत नाही. संशय आला की एक गोष्ट बदला, दोन-तीन महिने थांबा आणि रेघ बघा. एकाच वेळी पंखे, मोटर आणि भाडेकरू असे तिन्ही बदललेत तर काहीच कळणार नाही.

आलेख काढताना स्तंभ शून्यापासूनच सुरू करा. वीज आणि माणसं एकाच चौकटीत डाव्या-उजव्या दोन मापांवर काढायचा मोह होईल, तो टाळा. माप ओढून-ताणून कोणत्याही दोन रेघा जुळवता येतात. त्यापेक्षा दोन वेगळे आलेख एकाखाली एक.

आणि जपायची गोष्ट म्हणजे हा कागद घराचं वेळापत्रक आहे. कोणत्या तासाला घरात कोणी नसतं ते त्यात लिहिलेलं असतं. भाडेकरूंची नावं घालू नका, ‘वरची खोली, ३ जण’ एवढं पुरे. त्यांना विचारूनच मोजा. तासांचा तक्ता सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा नाही. वर्षांचा कालपट खुशाल टाका. सभेत मोटर बदलण्यावरून वाद चालू असताना तो भिंतीवर लावलेला असला की बोलणं दहा मिनिटांत मुद्द्यावर येतं.

मूळ कागद पूररेषेच्या वर ठेवा, म्हणजे शब्दशः वरच्या मजल्यावर. एक फोटो कोणा लांबच्या नातेवाइकाच्या मोबाइलमधे असू द्या. नवी नोंद दर महिन्याला बिल आलं की त्याच दिवशी करावी, दोन मिनिटांचं काम आहे. आलेख कागद जवळपास मिळाला नाही तर शाळेच्या चौकटीच्या वहीचं दुहेरी पान चालतं. तेव्हा दोन चौकटींना एक वर्ष धरा.